बिबीची पत्रं आणि इमामचाचांचा सूर

ता. ९ मे १९३९, नसरापूर

पत्र येऊन आज अकरा दिवस. ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवलंय. इमामचाचा मणेरांचा पत्ता नाही. वरव्याला यंदा लग्नं फार, तिकडेच बांगड्या भरत फिरत असणार. सकाळपासून दोनदा ट्रंक उघडली. पाकीट काढलं, वास घेतला, परत ठेवलं. लवंगेचा वास येतो की मलाच वाटतं, कोण जाणे.

काय गंमत आहे बघा. चालायला लागायच्या आधी जी भाषा बोलले तिची अक्षरं मला येत नाहीत. तिकडे झांजीबारला मला वाढवणारी बिबी बोलते, तिच्या गल्लीतला मुअल्लिम, मदरशाचा मास्तर, ते अरबी अक्षरांत उतरवतो. इथे ती अक्षरं येतात एकट्या चाचांना, आणि त्यांना त्यातला एक शब्द कळत नाही. ते वाचतात, मी ऐकते; उत्तर मी बोलते, ते कानाला येईल तसं उतरवतात. दोघं मिळून एक शहाणं माणूस होतं.

ता. १३ मे

चाचा आले शेवटी, भर दुपारी. ओसरीवर बांगड्यांच्या माळा पसरल्या की गल्लीतल्या बाया जमतातच. शेजारची शेवंता आली, कडेवर तिची तानी. आणखी चौघीजणी. आत्याबाई उंबऱ्यात. माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढत होत्या, तेवढ्यात मी पाकीट पुढे सरकवलं.

चाचांचा वाचायचा रिवाज ठरलेला. आधी हात धुतात, टोपी नीट करतात. पत्राच्या पहिल्या चार-पाच ओळी देवाच्या नावाच्या, सलाम, दुवा. ते शब्द त्यांच्या ओळखीचे, तिथे आवाज बदलतो, सूर लागतो. मग पुढे बिबीच्या बोकडाची हकिगत आली तरी सूर तोच. त्यांना वाचायची एकच चाल येते, लहानपणी मशिदीत शिकलेली.

आजचं: बोकड पळाला, तीन दिवसांनी मासळीबाजारात सापडला. छपरावरची झापं बदलायला झालीत. शेजारणीच्या लेकीच्या लग्नात बिबीनं दोन दिवस भात ढवळला, खांदा भरून आला. आणि मी विचारलेल्या विटुम्बुआचं, तिकडच्या तांदळाच्या गोड खाण्याचं, उत्तर. तांदूळ रात्रभर भिजवायचे, नारळाच्या दुधात वाटायचे, वेलदोडा घालायचा, फुगायला ताडी.

मी डोळे मिटून ऐकत होते. बोकडाला हसू आलं म्हणून पदर तोंडावर घेतला. डोळे उघडले तर सगळ्या बाया हात जोडून बसलेल्या. शेवंतानं तानीचं डोकं चाचांच्या गुडघ्याला टेकवलं.

"रातची दचकून उठती ओ पोर. तुमच्या वाचन्यानं कशी गप झाली बगा."

मी पदर आणखी ओढून घेतला. चाचा माझ्याकडे बघत होते.

ता. १५ मे

तानी दोन रात्री शांत झोपली. गल्लीभर झालं. आत्याबाईंनी शेवंताला सांगितलं म्हणे, "आमच्या यमुनेला तिकडनं मंतरलेला कागूद येतो." सासू म्हणून त्या वाईट नाहीत, पण एक गोष्ट चौघींना सांगतात तेव्हा ती चार वेगळ्या तऱ्हेनं सांगतात.

एका अर्थी बरंच. इतके दिवस त्या चाचांच्या वाचण्याला नाक मुरडायच्या. आता स्वतःच विचारतात, "कवा येनार हाय मनेर?"

ता. २२ मे

आज हिशेब केला. पत्र जाऊन उत्तर यायला दोन महिने, वर चाचांची वाट. म्हणजे वर्षाला चार, फार तर पाच. बिबी सत्तरीच्या पुढे. दर पत्रात दोन प्रश्न विचारले तर...

विचारायचं केवढं आहे. नारळाच्या दुधातल्या तुरीत ती आधी काय टाकायची. चटईच्या काठाला पात मोडताना उलटी घ्यायची की सुलटी. ते निजवायचं गाणं, त्याचं पहिलं कडवं येतं, दुसरं अर्धं. समुद्रावरून येणाऱ्या दोन वाऱ्यांची नावं. एक आठवतं, दुसरं नाही. कालपर्यंत आठवत होतं.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची. अण्णा दवाखान्यात कंपाउंडर, दिवसभर बाहेर. मला बिबीनं वाढवलं. चौदाव्या वर्षी लग्नासाठी अण्णांनी इकडे आणलं ते आणलंच. आता मी बत्तीस. अण्णाही गेले. त्या भाषेत माझ्याशी बोलणारं सगळ्या भोर संस्थानात कुणी नाही. कमळला दोन शब्द शिकवले होते लहानपणी. आता आठ वर्षांची झालीय, म्हणते, "आई, पोरींसमोर तसलं बोलू नकोस."

ता. ४ जून

विटुम्बुआ केले. ताडीच्या ऐवजी आंबट ताक, दुसरं काय करणार. शिंदीचं भांडं या घरात आणलं असतं तर ह्यांनी मलाच घराबाहेर ठेवलं असतं. नारळ मीच फोडला, पाट्याच्या कडेवर, दोन घावांत, बिबीसारखा. आत्याबाई मागे उभ्या होत्या ते ध्यानात नव्हतं. बाईमाणसानं नारळ फोडला म्हणून अर्धा तास ऐकून घेतलं. मग आप्प्याच्या पात्रात एक एक घाणा निघायला लागला तशा जवळ येऊन बसल्या. चार खाल्ले.

"हे तर गोडं आपं. ह्येच्यासाटी एवढ्या लांबून कागूद मागिवलास व्हय?"

वाईट वाटलं, मग हसू आलं. पण चव तीच होती. पहिला घास तोंडात गेला आणि मागचं अंगण, चूल, बिबीचे उन्हात वाळत टाकलेले ओले खांगे, ती अंगाला गुंडाळायची छापील कापडं, सगळं दिसलं. कमळनं सहा खाल्ले.

ता. १७ जून

चाचा वरव्याहून येताना वाटेत भेटले. मी विहिरीवरून येत होते. थांबले. म्हणाले, "बाई, ह्या बाया समजत्यात मी दुवा वाचतो म्हनून. मी दुवा वाचत न्हाई. मला काय वाचतो त्येच ठाव न्हाई. तुमी सांगून टाका."

म्हटलं, सांगते.

ता. ३० जून

नाही सांगितलं. सांगायला तोंड उघडते आणि वाटतं, सांगितलं की बाया हसतील, आत्याबाई चिडतील, मणेर घरात नको म्हणतील. पंधरा-वीस दिवसांत पुढचं पत्र. ते वाचून होऊ दे.

ता. १६ जुलै

पत्र आलं. नशिबानं चाचा आजच गावात. बाया नऊ. एक म्हातारी गुडघे चोळत बसलेली. कुणीतरी मंतरून घ्यायला पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला. चाचांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो उचलून बाजूला ठेवला. शेवंतानं तो परत मध्ये आणला.

बिबी लिहिते: काठाला पात उलटी घे, अंगठ्यानं दाब, मग सुलटी. तुरीत आधी काही टाकत नाही, तू विसरलीस, मीठसुद्धा शेवटी. गाण्याचं दुसरं कडवं आलं. पूर्ण. मी तिथेच ओठांत म्हणायला लागले. आणि शेवटी, डोळ्यांचं काहीतरी. ती म्हणते, माझ्या डोळ्यांत उकुंगु आहे. उकुंगु म्हणजे काय ते मला आठवेना. चाचांना परत वाचायला लावलं, तिसऱ्यांदा वाचायला लावलं. बायांना वाटलं तिथेच सगळी शक्ती आहे. म्हातारीनं गुडघे पुढे केले.

ता. १८ जुलै

सकाळी परसात गेले तर समोरची शेतं दिसत नव्हती, सगळीकडे धुकं. उकुंगु. धुकं. बिबीच्या डोळ्यांत धुकं आलंय.

दिवसभर हात कामाला लागले नाहीत. भाकरी करपली दोनदा.

ता. २५ जुलै

चाचांना म्हटलं, मला अक्षरं शिकवा. ते म्हणाले, हे सोपं बोललात. मग कमळच्या पाटीवर पहिली पाच काढून दिली. खाली नुकता म्हणजे टिंब, वर नुकता, उकाराची शेपटी. म्हणतात, जेर-जबर, म्हणजे काना-मात्रेसारख्या खुणा, लावलेलं आहे म्हणून मी तरी वाचतो, नाहीतर माझीही गाडी अडली असती. एक अडचण आहे. त्या लिपीत बिबीच्या सगळ्या आवाजांना अक्षरं नाहीत. मुअल्लिम प ला ब लिहितो, च ला श. आजवर चाचा वाचायचे आणि मी ऐकता ऐकता दुरुस्त करून घ्यायची, ते मला माहीतही नव्हतं.

हे म्हणाले, "या वयात काय हे?" मी म्हटलं, वेळ जात नाही. खोटं आहे. वेळच तर जातोय.

ता. ११ ऑगस्ट

यंदा अधिक श्रावण. सगळीकडे अनारशांची गडबड. मी ओढ्याकडे जाऊन शिंदीची पाती आणली, कोवळी, मधली. तिकडे चटईला अशाच जंगली खजुरीची पाती लागतात, झाड बघताच ओळखलं होतं मी, अठरा वर्षांपूर्वी. पण इथे शिंदीच्या केरसुण्याच होतात आणि त्या कुणी वळायच्या तेही ठरलेलं. आत्याबाईंनी पाती बघितली.

"आता केरसुन्या वळायच्या ऱ्हायल्या हुत्या. पोराची चाकरी कचेरीत आन् सून बसलीया दारात शिंद सोलत."

तरी सोलली. सात पात्यांची वेणी घातली, हातभर. बोटं आठवणीनं चालली, मी नुसती बघत होते. काठाला उलटी, अंगठा, सुलटी. जमलं.

ता. ५ सप्टेंबर

लढाई सुरू झाली. हे कचेरीतून वर्तमानपत्र घेऊन आले. सगळे पुरुष चावडीवर. मी विचारलं, आगबोटी चालू राहतील ना? ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लढाईत मीठ कमी आहे म्हटलं.

ता. २ ऑक्टोबर

पत्र नाही.

ता. ९ ऑक्टोबर

पत्र नाही. अक्षरं सगळी आली, सुटी. जोडून आली की अडखळते. जुनी पत्रं काढून बसते. दुपारभरात एक ओळ. बोकडाची ओळ वाचली. काय लिहिलंय ते माहीत असताना वाचणं म्हणजे खरं वाचणं नाही, असं चाचा म्हणतात.

ता. १४ ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

तानीला चार दिवस ताप. काल गळा सुजला. आज सकाळी शेवंता तिला घेऊन आमच्या ओसरीवर आली. चाचांना वरव्याला बोलावणं पाठवलंय, म्हणाली, तुमचा कागूद काढा. मी म्हटलं, भोरला दवाखान्यात ने. म्हणाली, "चाचा येऊंद्या. मागं लगीच गुण आला हुता." तिचा नवरा गाडी जुंपून देतो म्हणत होता, तिनंच थांबवलं.

चाचा दहाच्या सुमारास आले. पोरगी श्वास घेताना कुई कुई आवाज येत होता. चाचा म्हणाले, दवाखाना. शेवंतानं त्यांचे पाय धरले. आत्याबाईंनी ट्रंकेतून पत्र आणून त्यांच्या हातात दिलं, मेमध्ये वाचलेलं, तेच. चाचांनी हात धुतले. त्यांना काय करावं सुचत नव्हतं, ते दिसत होतं. वाचायला लागले.

देवाचं नाव, सलाम. मग बोकड. तो सूर आणि खाली ती पोरगी, ओठ निळसर. बोकड मासळीबाजारात सापडला त्या ओळीला मी ओरडले, थांबा.

मग सगळं सांगितलं. मंत्र नाही, दुवा नाही. तिकडं एक म्हातारी आहे, तिनं मला वाढवलं, तिचं हे पत्र आहे. यात बोकड आहे, छप्पर आहे, तांदूळ कसे भिजवायचे ते आहे. चाचांना याचा अर्थ कळत नाही. मला कळतो आणि मी पाच महिने तुम्हाला सांगितलं नाही.

 शेवंता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बोकड?" एवढंच. पोरगी उचलली आणि गाडीकडे धावत गेली. चाचा गाडीच्या मागे चालत निघाले, बांगड्या ओसरीवरच टाकून.

ता. १५ ऑक्टो.

काही कळलेलं नाही. देवासमोर बसले, उठले. माझ्यामुळे उशीर झाला. एक दिवस तरी माझ्यामुळेच.

ता. १७ ऑक्टोबर

तानी वाचली. घटसर्प होता. वेळेत सुई मिळाली. डॉक्टर म्हणाले म्हणे, संध्याकाळ झाली असती तर सांगता आलं नसतं. चाचा तिथेच दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर होते.

मी रडले. आत्याबाईंनी बघितलं आणि आत गेल्या.

ता. २० ऑक्टोबर

हे: "सगळ्या गल्लीला मूर्ख बनवलंस." बरोबर आहे. मणेरानं या दारात पाय ठेवायचा नाही. तेही ठरलं. मी म्हटलं, त्यांचा काय दोष, ते मला जूनपासून सांगत होते. ऐकून घेतलं नाही. चाचांच्या बांगड्या एका पोराबरोबर परत पाठवल्या, दोन फुटलेल्या होत्या.

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. शेवंता विहिरीवर माझ्या आधी येते किंवा नंतर.

ता. ८ नोव्हेंबर

शेवंताच्या घरी गेले. तानी अंगणात होती, आवाज अजून घोगरा. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. म्हटलं, माझं चुकलं. शेवंता सूप झाडत होती, झाडतच राहिली. म्हणाली, "तुमी आदी सांगितलं आसतं तर म्या हसले आसते, दुसरं काय."  परत आले.

ता. २५ नोव्हेंबर

ह्यांची बदली. वेल्ह्याला. हे म्हणतात बरंच झालं. मला वाटतं मागून घेतली.

पत्र नाही.

ता. १२ डिसेंबर, वेल्हे

तीन दिवसांपूर्वी बैलगाडीनं आलो. विंझरच्या पुढे वाट नुसती दगडांची, कमळ दोनदा ओकली. घर दोन खणांचं, पुढे पडवी. समोर तोरणा इतका जवळ की मान वर करून बघावं लागतं. बाजार आठवड्यातून एकदा, चार दुकानं. बांगडीवाली एक म्हातारी येते म्हणे, तिला कुठलीच अक्षरं येत नाहीत.

इथे आत्याबाईंना बोलायला कुणी नाही. मलाही नाही. एकाच चुलीशी दोघी, आणि मधे ऑक्टोबर.

ता. २९ डिसेंबर

पत्र आलं. नसरापूरहून फिरून. पाकीट कुणीतरी उघडून परत चिकटवलेलं, वर लढाईच्या तपासणीचा शिक्का. पोस्टाच्या माणसानं ह्यांना विचारलं, कुठली भाषा? ह्यांनी सांगितलं, घरातलं आहे. एवढं बोलले ते बरं झालं.

पण अक्षर वेगळं. मुअल्लिमचं नाही, दुसऱ्या कुणाचं, वाकडंतिकडं. आणि वाचायला मी एकटी.

ता. ३१ डिसेंबर

देवाचं नाव वाचलं. सलाम वाचला. ते येतं. पुढची ओळ: मुअल्लिम लढाईच्या कामाला गेला. हे माझ्या शेजारणीचा नातू लिहितोय, त्याची चूक झाली तर त्याला रागावू नकोस.

दोन दिवसांत दोन ओळी. पण ह्या दोन ओळी मला कुणी वाचून दाखवल्या नाहीत. कुणाला सांगू? कमळला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच?" आणि जवळ येऊन बघितलं.

ता. ४ जाने. १९४०

बिबीला आता दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढंच. चटई विणते, बोटांनी. बोकड विकला.

ता. ७ जाने.

अजून पान अर्धं आहे. सप्टेंबरमध्ये चाचांकडून लिहवून पाठवलेले माझे प्रश्न तिला मिळालेच नाहीत असं दिसतं. वाऱ्याचं नाव नाही, काही नाही. चीड आली. कुणाची ते कळलं नाही. पडवीत फेऱ्या मारल्या, पाती आणून सोलली, टाकून दिली, परत बसले.

ता. ८ जाने.

पुढची ओळ वाचली. बिबी म्हणते: तू मला नेहमी विचारतेस. आता मी तुला विचारते. तुझी आई तू पोटात होतीस त्या वर्षी जात्यावर बसून एक गाणं म्हणायची. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नव्हती, पण रोज ऐकून मला पाठ झालं. मी तुला निजवताना तेही म्हणत असे. आता डोळ्यांबरोबर तेही चाललंय. एक ओळ उरली आहे, ती लिहवून घेते. त्याच्यापुढे आणखी एक होती. तुझ्याकडे आहे का?

हे वाचायला पूर्ण दुपार गेली. मी बिबीला एवढे प्रश्न विचारले, आईचं कधी विचारलं नाही. मला वाटायचं आई तर इथलीच, केळवड्याची, तिचं तिकडे काय असणार. मला तिचा चेहराही आठवत नाही, आणि तिचा आवाज चाळीस वर्षं मासळी साफ केलेल्या एका म्हातारीच्या तोंडात होता.

ता. ९ जाने.

ती ओळ. सकाळपासून लागत नाही. त्या पोरानं ऐकलं तसं उतरवलं, बिबीनं तिच्या जिभेनं सांगितलं, अक्षरं आधीच अपुरी. दा-ला-ना. दालाना म्हणून शब्द नाही तिच्या भाषेत. दा-लि-ते. पुन्हा वाचलं. मोठ्यानं वाचलं. सु-बा बा-रा-लाम. चाचांसारखीच, काही न कळता, अक्षराला अक्षर जोडत. नकळत त्यांचा सूरही आला थोडा.

आत्याबाई आत नाचणी पाखडत होत्या. पाखडणं थांबलं.

"सूप भरलं काठोकाठ," त्या म्हणाल्या. "नीट म्हन की. दळन दळिते, सूप भरलं काठोकाठ."

ऑक्टोबरनंतर त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

मी म्हटलं, पुढे? पुढची ओळ तुम्हाला येते?

"न याला काय झालं. माज्या गं माह्यराची डोंगराआड गेली वाट." मग म्हणाल्या, "तुज्या आईची व्हय ही ववी?"

हो म्हटलं. आणि पत्र त्यांच्याकडे सरकवलं. त्या येऊन शेजारी बसल्या, पत्राकडे बघत, हात न लावता. म्हणाल्या, "ती केळवड्याची न्हवं? तिकडं डोंगराआड न्हाई म्हनत. वढ्यापल्याड म्हनत्यात. दोनी लिही. तिला ठावं आसंल कंची ती."

ता. १६ जाने.

लिहायला सहा दिवस लागले. माझ्या हातानं, त्या अक्षरांत. ळ ला अक्षर नाही, ल नं भागवलं. डोंगराआडची आणि ओढ्यापल्याडची, दोन्ही ओळी लिहिल्या, मग खाली बिबीच्या भाषेत अर्थ लिहिला. माहेरचा शब्द तिच्या भाषेत सापडेना, आईचं घर असं लिहिलं. प्रश्न एकच विचारला, दोन्हींपैकी तिची कुठली.

बाकी यादी ठेवून दिली. मनाला पटत नाही, पण पानावर जागाच उरली नव्हती.

ता. १७ जाने.

पाकीट ह्यांच्याबरोबर पाठवलं. ह्यांनी पत्ता पाहिला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

आत्याबाईंनी विचारलं, उत्तर कवा येतं? म्हटलं, लढाई नसती तर दोन महिने. आता सांगता येत नाही. आगबोट बुडली नाही तर, बिबी असली तर, आणि शेजारणीच्या त्या नातवाला माझं अक्षर लागलं तर. तो त्या दोन ओळी काही न कळता वाचेल. ती ऐकत बसेल.

आत्याबाई म्हणाल्या, "मग आज जात्यावर तू बस माज्यासमोर." बसले. त्यांनी तिसरी एक ओवी म्हटली, मला ती येत नव्हती.